एनेलेसीने सायकलवर नेलेला बाबातोनी

एनेलेसी मफुने ही आमच्या गावची टोमॅटोवाली. मचिंजीच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत तासभर चालत गेलं की आमचं गाव. तिथून बांबूच्या टोपल्यांत टोमॅटो भरून ती सायकलवरून थेट राजधानीच्या, लिलोंग्वेच्या बाजारात न्यायची. पहाटे निघायची ती दुसऱ्या दिवशी पोचायची. दोन मोठ्या टोपल्या, वर भुईमुगाची गोणी, कधी कुणाची बकरी, एकदा तर कुणाच्या तरी नव्या घराचा दरवाजा. बारीक चणीची, वय शेहेचाळीस, डोक्याला कायम पिवळं फडकं. मोठ्या बाईला आमच्याकडे अमाई म्हणतात, म्हणून सगळं गाव तिला अमाई एनेलेसी म्हणायचं. पण तिची सायकल येताना दिसली की पुरुषमाणसंसुद्धा रस्त्याच्या कडेला उभी राहायची, ती अमाईला मान द्यायला नव्हे, तर एवढं ओझं त्या सायकलवर राहतं तरी कसं ते बघायला.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा दक्षिणेकडच्या खाणीत गेला आणि तिकडचाच झाला. मागे राहिली ती ही काळी, जाड दांड्याची सायकल. पहिल्याच खेपेला एनेलेसीने सगळे टोमॅटो मागच्या कॅरिअरवर चढवले. चर्चच्या चढावर सायकलचं पुढचं चाक घोड्यासारखं वर उठलं आणि ती पाठीवर पडली. नेमकी प्रार्थना सुटली होती. पांढरे कपडे घातलेली पन्नास माणसं आणि त्यांच्या पायांत घरंगळणारे टोमॅटो! लोक आठवडाभर हसत होते.

एनेलेसी मात्र घरी गेली, सायकल पुन्हा तशीच लादली, सीटच्या पुढे दांड्याला दोर बांधला आणि आंब्याच्या फांदीवरून ओढून अख्खी सायकल हवेत टांगली. शेपूट खाली गेलं, हँडल आभाळाकडे. मग तिने एक टोपली सोडवून पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना छोट्या टोपल्या बांधल्या. पुन्हा टांगली. पुन्हा सोडली. दिवसभर हाच उद्योग. शेजारणी म्हणाल्या, नवरा गेल्याचं आता कुठे डोक्यात शिरलं बिचारीच्या.

संध्याकाळपर्यंत तिला कळायचं ते कळलं होतं. मी एकदा विचारलं तेव्हा तिने मला सांगितलं होतं, "हे बघ फोस्टिनो, मी बसते ती मागच्या चाकावरच की नाही? म्हणजे माझंच ओझं मागे आहे. त्यात सामानही मागेच टाकलं तर पुढच्या चाकाला काम काय राहिलं? ते बागडणारच. जड असेल ते खाली, चाकाच्या आसाजवळ. दोन्ही कुशी सारख्या. हलकं तेवढं वर. आणि काही लोंबायला नको. लोंबणारी वस्तू दहा मैलांनी दुप्पट जड होते."

हे तिचं शास्त्र आमच्या कामी कसं आलं, ते सांगतो.

आमचा बँड होता. लायटन बँजो वाजवायचा. तेलाच्या डब्याला लाकडाची पट्टी ठोकून त्यानेच बनवलेला. मी ढोल वाजवायचो. आणि केनानी होता बाबातोनीवर. बाबातोनी म्हणजे लाकडी पेटीवर गाईचं कातडं ताणलेलं आणि तिला माणसाच्या दीडपट लांब दांडा. त्यावर एक जाड तार. तारेवर बाटली घासत डाव्या हाताने वरखाली न्यायची, उजव्या हाताने छेडायची. आवाज असा, की ऐकणाऱ्याच्या पोटात वाजतो. तारेचं वरचं टोक गाठायला केनानीला ठोकळ्यावर उभं राहावं लागायचं, आणि केनानी काही लहान माणूस नव्हे.

त्या वर्षी मंकी बेच्या अलीकडे तळ्याकाठच्या एका गावात मोठा संगीतमेळा होता. आमचं नाव घेतलं गेलं! निरोप आला त्या दिवशी लायटनने चुलीवरचं भांडं उलटं करून वाजवलं आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पण बसवाल्याने बाबातोनीकडे एकदा पाहिलं आणि नुसती मान हलवली. ज्या गाडीने जायचं ठरत होतं ती तंबाखूच्या गोण्या घेऊन भलतीकडेच गेली. मेळ्याला आठ दिवस राहिले होते आणि तळं तीनशे किलोमीटरवर.

"दांडा कापून दोन तुकडे करू. तिकडे गेल्यावर जोडू," लायटन म्हणाला.

"आधी तुझा पाय कापू. तिकडे गेल्यावर जोडू," केनानी म्हणाला.

मग मीच म्हणालो, अमाईकडे जाऊ या.

एनेलेसी अंगणात शेंगा फोडत होती. तिने सगळं ऐकलं, उठली आणि बाबातोनीभोवती दोन फेऱ्या मारल्या. पेटी उचलून पाहिली, दांड्याखाली बोट धरून तो कुठे तोलतो ते पाहिलं.

"मी बांधते," ती म्हणाली. "पण मीच चालवणार."

"अमाई, तुम्ही कशाला त्रास घेता?" केनानी म्हणाला. "तुम्ही बांधून द्या, चालवायला मी आहे."

"तू चालवशील, पहिल्या उतारावर आपटशील, आणि लोक म्हणतील एनेलेसीने बांधलेलं सुटलं. नको रे बाबा." मग शेंगांची टरफलं पायाने गोळा करत ती म्हणाली, "शिवाय मी तळं पाहिलेलं नाही."

आम्ही तिघंही बघतच राहिलो. आमच्या देशाच्या नकाशात अर्ध्या अंगाला तळंच आहे. आठवड्यातून चार वेळा ताटात तिथली सुकी उसिपा मासळी असते. आणि ही बाई लिलोंग्वेच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती.

बांधायला दोन दिवस लागले. दांडा मागे काढला तर सायकल कुत्र्याच्या शेपटीसारखी हलते. उभा बांधला तर वारा धरतो आणि झाडांत अडकतो. पुढे काढला तर हँडल वळत नाही. तिसऱ्यांदा सगळं सोडल्यावर ती आंब्याखाली बसली, पाणी प्यायली, आणि एकदम उठली.

"काखेतून!"

"काय काखेतून?"

"दांडा माझ्या काखेतून जाईल!"

पेटी कॅरिअरवर, जराशी डाव्या बाजूला. दांडा तिरका वर चढत तिच्या डाव्या कोपराखालून पुढे, हँडलच्याही वरून. पण हँडलवर टेकवलेला नाही. हँडलच्या खाली सायकलचा जो जाड गळा असतो, त्याला तिने बांबूची बेचकी बांधली आणि तिच्यात दांडा बसवला. हँडल कसंही वळवा, बाबातोनी जागचा हलत नव्हता. सगळं ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्यांनी आवळलं. पट्टी ओढून तिने बोटाने छेडली की टंण् वाजायची. लायटन म्हणाला, सूर बरोबर आहे.

"पण हे सगळं वर आणि डावीकडे आलं," मी म्हणालो.

"म्हणून मक्याच्या पिठाची गोणी उजवीकडे, खाली, अगदी आसाला लागून. आणि पातेलं, कुऱ्हाड, अवजारं पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना." तिने सायकल फांदीला टांगली. सायकल दोनदा गिरकी घेऊन स्थिर झाली. हँडल किंचित खाली. डावी-उजवीकडे केसभरही झुकली नाही. गावातल्या बायका टाळ्या पिटायला लागल्या आणि एकीने तर त्या आपल्या लांब किलकाऱ्या सोडल्या, लग्नात सोडतात तशा.

"चल, अमाईचं लग्नच आहे," दुसरी म्हणाली. "नवरा काखेत धरून निघालीय!"

"आधीचा मोकळा ठेवला म्हणून पळाला," एनेलेसी म्हणाली. "हा बांधूनच नेते."

शनिवारी उजाडता उजाडता निघालो. चार सायकली. दोन मैल गेल्यावर तिने सगळ्यांना थांबवलं आणि प्रत्येकाच्या पट्ट्या पुन्हा आवळल्या. "सामान आधी आपापली जागा धरतं, मग सैल पडतं. पहिल्या दोन मैलांवर विश्वास ठेवायचा नाही." माझा ढोल तिने कॅरिअरवरून काढून सरळ सायकलच्या दांड्याखाली, माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बांधला. मी कुरकुरलो. पण पुढच्या चढावर सायकल अशी गुमान वर गेली, की माझी कुरकुर थांबली.

काय ते दिवस होते! रस्त्याने माणसं हाका मारायची, शाळा सुटल्यासारखी पोरं मागे धावायची, ट्रकवाले भोंगे वाजवायचे. "अमाई, तोफ कुठे घेऊन चाललात?" एकाने विचारलं. "तुझ्या सासरी!" एनेलेसी ओरडली. संध्याकाळी कुठल्याशा गावच्या प्रमुखाकडे उतरायचं, मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा रांधायचा, दोन गाणी वाजवायची, झोपायचं. लिलोंग्वे मागे पडलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "इथून पुढचा प्रत्येक दगड माझ्यासाठी नवा."

एक गोष्ट मात्र केनानीला पटत नव्हती. चौघं जेवणार म्हणजे रोज पीठ कमी होणार, उजवी बाजू हलकी पडणार. म्हणून एनेलेसी रोज सकाळी गोणी हातात उचलून बघायची आणि जेवढं पोटात गेलं तेवढे दगड गोणीत टाकायची. केनानी डोक्याला हात लावायचा.

"अमाई, दगड! तीनशे किलोमीटर आपण दगड वाहतोय! कुणाला सांगू नका हे."

"तू कमी खा. मी कमी दगड घालते."

चौथ्या दिवशी सकाळी डेड्झात होतो. तिथली थंडी म्हणजे हाडांत शिरणारी. बाजारात बटाट्यांचे डोंगर. चहाबरोबर मैद्याची तळलेली मंदासी खाताना मंदासीवालीने सहज सांगितलं, "पुढे घाट लागेल ना, गोलोमोतीचा, त्याच्या वरच्या वळणावरून आभाळ स्वच्छ असेल तर तळं दिसतं."

एनेलेसीने हातातला कप खाली ठेवला. "आज? आज दिसेल?"

"आज तर आरशासारखं आहे आभाळ."

ती तोंड धुवायला नळाकडे पळाली, जणू तळ्यापुढे नीट चेहऱ्याने जायचं होतं. तेवढ्या वेळात केनानीने एक पुण्यकर्म केलं. संध्याकाळच्या जेवणाला म्हणून त्याने बटाट्यांची थैली घेतली, अमाईच्या गोणीतले दगड काढून गटारात टाकले, आणि थैली वरती, बाबातोनीच्या पेटीवर बांधून टाकली. ओझं तेवढंच, जागाच तर बदलली, असा त्याचा हिशेब. आम्हांला दोघांना काही बोलला नाही.

एनेलेसी रोज निघण्यापूर्वी सायकलला चारही बाजूंनी हात लावायची. त्या दिवशी लावला नाही. फडकं बांधत आली, बसली आणि निघाली. आमच्या पुढे.

घाटाची सुरुवात सौम्य आहे. मग एका वळणानंतर रस्ता जो कोसळतो तो कोसळतोच. मी तिच्या मागे होतो. आधी तिचं मागचं चाक किंचित डावीकडे गेलं, मग उजवीकडे. मग हँडल थरथरायला लागलं. ती थरथर वाढत वाढत सगळ्या सायकलभर पसरली. दांड्याचं पुढचं टोक हवेत फणा काढल्यासारखं डोलायला लागलं. डाव्या हाताला दरी. मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने हँडल घट्ट आवळून ब्रेक दाबले असते आणि तो खाली गेला असता. एनेलेसीने उलट हात सैल सोडले. दोन्ही गुडघे आत घेऊन तिने सायकलचा दांडा चिमटीत धरावा तसा धरला. उजव्या पायाची चप्पल मागच्या टायरवर टेकवली, हळूहळू दाबत गेली. रबर जळल्याचा वास आला. थरथर कमी झाली, आणखी कमी झाली, आणि डोंगराच्या बाजूच्या गवतात जाऊन ती थांबली. पडली नाही.

आम्ही धावत पोचलो तेव्हा ती उतरून पेटीवरच्या थैलीकडे बघत उभी होती. चपलेचा तळ अर्धा गेला होता.

"हे काय आहे?"

"बटाटे, अमाई," केनानी म्हणाला.

"आणि माझे दगड?"

"डेड्झात."

मला वाटलं आता ती त्याला दरीत ढकलणार. ती खाली बसली आणि म्हणाली, "मी निघण्याआधी हात लावते. वीस वर्षांत चुकले नाही. आज तळं दिसणार म्हणून चुकले. तुझ्या बटाट्यांवर काय ओरडू?"

"ओरडा ना," केनानी रडवेला होऊन म्हणाला. "ओरडा, अमाई. बरं वाटेल मला."

"मूर्खा!" ती एवढ्या जोरात ओरडली, की घाटातली माकडं झाडावरून उड्या मारत पळाली. "वर बांधतो? जड वस्तू वर बांधतो? बाबातोनीला काय टोपी घालायची होती?"

लायटन आधी फिसकन हसला. मग मी. मग तीच हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

बटाटे तिने फेकले नाहीत. निम्मे पिठाच्या गोणीत, खाली, दगडांच्या जागी घातले. उरलेल्यांचे दोन सारखे वाटे करून पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना बांधले. झाडाची फांदी जवळ नव्हती म्हणून आम्ही तिघांनी खांद्यांवर दोर घेऊन सायकल टांगून धरली. ती चारी बाजूंनी फिरून आली. "आता पुढचं चाक रस्ता धरेल," ती म्हणाली. केनानीने स्वतःच्या पायातली चप्पल काढून तिला दिली. तिला ती होडीएवढी झाली, पण तिने ती दोराने बांधून घातली.

आणि मग तिने तो घाट उतरला! मी आयुष्यात तसं काही पाहिलं नाही. एकामागून एक वळणं, आणि ती लांबलचक दांडा काखेत धरून पाण्यात माशाने वळावं तशी वळत होती. पिवळं फडकं सुटून मागे फडफडत होतं. तिसऱ्या की चौथ्या वळणावर ती एकदम थांबली आणि एक पाय जमिनीवर टेकून उभी राहिली. आम्ही शेजारी येऊन थांबलो.

खाली मैदान, मैदानात बाओबाबची जाडजूड झाडं, आणि त्यांच्या पलीकडे ते. निळं. आभाळाला लागलेलं, कुठे संपतं ते न कळणारं.

"एवढं?" ती म्हणाली. "एवढं मोठं आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"सगळे सांगत होते, अमाई," मी म्हणालो.

"असं नव्हतं कुणी सांगितलं." आणि तिने दोन्ही हात तोंडाशी नेऊन जी किलकारी सोडली, ती खालच्या गावातल्या बायकांनी ऐकली असावी, कारण थोड्या वेळाने खालून तसंच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेळ्याच्या गावात शिरलो. मैदानात आधीच गर्दी होती. माइकवरचा माणूस आम्हांला सामान उतरवून मागच्या बाजूने आणायला सांगणार होता, पण त्याची नजर सायकलवर गेली आणि तो थबकला. "थांबा, थांबा. उतरवू नका. अशाच या मैदानात!" एनेलेसी लाजली. मी तिला असं लाजताना पहिल्यांदाच पाहिलं. मग फडकं घट्ट बांधून ती पॅडलवर उभी राहिली आणि गर्दीतून वाट काढत गोल फेरी मारून आली. लोक किंचाळत होते. कोळी आपली जाळी टाकून पळत आले. एका म्हाताऱ्याने पट्ट्या बोटाने वाजवून बघितल्या आणि म्हणाला, "पोरी, माझी होडी बांधून दे."

आम्ही वाजवलं. कितवे आलो ते सांगण्यासारखं नाही, पण आम्हांला तीन गाणी ठरवून दिली होती आणि लोकांनी सात वाजवून घेतली. केनानी त्या दिवशी असा वाजवत होता, की माझा ढोल मला ऐकू येईना. पाचव्या गाण्याला मी गर्दीत एनेलेसीला शोधलं. ती नव्हती. ती किनाऱ्यावर होती, कपड्यांसकट कमरेएवढ्या पाण्यात. ओंजळीने पाणी तोंडावर मारत होती, पीत होती. सहाव्या गाण्याला ती तशीच निथळत आली आणि पहिल्या रांगेत नाचायला लागली. तिच्याभोवतीच्या बायका अंगावर पाणी उडतं म्हणून ओरडायच्या आणि तरी तिच्याजवळच नाचायच्या.

परत येताना तिने पिठाच्या रिकाम्या गोणीत उसिपा भरली. तेव्हापासून ती दर कोरड्या मोसमात तळ्यावर जाते, जाताना भुईमूग नेते, येताना मासळी आणते. दोन वर्षांनी आणखी तिघी तिच्याबरोबर जायला लागल्या. आता सात जणी आहेत. प्रत्येकीची सायकल ती स्वतः टांगून बघते. एकीला झांबियातली सून आहे म्हणून गेल्या वर्षी सगळ्याजणी सीमा ओलांडून चिपाटापर्यंत जाऊन आल्या.

परवा डांबरी रस्त्यावर भेटली. पुढच्या महिन्यात उत्तरेकडे, पार कारोंगापर्यंत निघायचं म्हणत होती. मी विचारलं, किती लांब आहे ते ठाऊक आहे का? ती म्हणाली, "सहाशेच्या वर. सात जणींचं सामान. फोस्टिनो, मला दोन रात्री झोप नाही आली आनंदाने!" आणि पॅडल मारून ती निघालीसुद्धा.